घरचा फोन, कचेरीचं टपाल

फोन एका माणसाचा असतो ही कल्पना ज्याला सुचली, त्यानं बीड जिल्ह्यात एक रात्रही मुक्काम केलेला नसावा. इथं फोन घराचा असतो. ज्याच्या खिशातून रिचार्ज होतं त्याला तो दिवसा बाहेर न्यायची मुभा असते, इतकंच. पहाटे त्यावर म्हातारी कीर्तन लावते. दहा वाजता तो घरधन्याबरोबर कचेरीत जातो आणि तिथून गावाकडच्या चुलत्याला कापसाचा नि सोयाबीनचा भाव कळवतो. संध्याकाळी दारात पाऊल पडायच्या आत दहावीतलं पोरगं तो हातातून काढून घेतं. जेवणं झाली की घरची मालकीण बहिणीला व्हिडिओ कॉल लावते. मग उरली असेल ती चार टक्के बॅटरी मालकाची.

अशा फोनात कचेरीचा मेल, तोही ‘सुरक्षित’, आणून बसवायचा म्हणजे काय होतं, ते मी आमच्या थोरल्या साडूंच्या घरी जवळून पाहिलं. साडू बीडला एका निमसरकारी कचेरीत आहेत. कचेरीचं नाव सांगत नाही, त्यांच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. एक दिवस परिपत्रक निघालं, की सर्व कर्मचाऱ्यांनी कार्यालयाचा ई-मेल आपापल्या स्मार्टफोनवर सुरक्षित पद्धतीने कार्यान्वित करून घ्यावा व तसा अहवाल सादर करावा. परिपत्रक कागदावर आलं होतं. मजकूर चार ओळींचा आणि खाली ‘प्रत माहितीस्तव’ची यादी दीड पानाची. आपापला स्मार्टफोन नसेल त्यानं काय करायचं, आणि असेल त्याचं रिचार्ज कोण करणार, याबद्दल मौन.

हे मौन जुनं आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल सरकारलाच नेऊन परत केले होते. फोन तापायचा, अडकायचा, रॅम २ जीबी, आणि वर पोषण ट्रॅकर हे अ‍ॅप इंग्रजीत. त्यावरून वरच्या लोकांनी बोध घेतला असेल तर तो असा, की फोन दिला तर लोक तो परत आणून टेबलावर ठेवतात, तेव्हा ज्याचा त्यालाच वापरू द्यावा.

रविवारी दुपारी साडूंनी मेल बसवायला घेतला. अ‍ॅप उघडलं, पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, आणि फोननं परवानग्यांची यादी समोर धरली. असली यादी आपण वाचत नाही. बोटानं सर्रकन खाली जातो आणि ‘सहमत’ दाबून मोकळे होतो. पण साडू आस्थापना शाखेतले. समोरचा कागद वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि वाचल्यावर तर नाहीच, हा त्यांचा नोकरीभरचा खाक्या. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कार्यालय तुमच्या फोनच्या कुलपाचे नियम ठरवील. कुलूप उघडताना किती वेळा चुकलात त्यावर लक्ष ठेवील. फोन बंद करून टाकील. कॅमेरा चालू द्यायचा की नाही ते ठरवील. आणि पूर्वसूचना न देता फोनातला सगळा डेटा पुसून टाकील.

शेवटच्या वाक्याला घरातला मिक्सर बंद झाला.

“म्हंजी तुजा साहेब तिथं बसून हितले फोटू पुसनार?” मातोश्रींनी विचारलं.

“तसं नाही आई. फोन हरवला तरच.”

“हरवला हे त्येला सांगनार कोन?”

“मी.”

“कशावरून सांगनार? फोन तर हरवलेला.”

यावर आस्थापना शाखेकडे उत्तर नव्हतं. मग फोनात आहे तरी काय, याची मोजदाद सुरू झाली. सातबारा, रेशनकार्ड, पीकविम्याच्या पावत्या, ट्रॅक्टरची कागदं, धाकट्याच्या लग्नातले फोटो, आणि दोन वर्षांपूर्वी विकलेल्या बैलजोडीचा एक व्हिडिओ, जो मातोश्री सणासुदीला लावून बघतात. कचेरीचे मेल सोडले तर त्या फोनात बिनमहत्त्वाचं काहीच नव्हतं.

तसं हे कलम कुणी खोडसाळपणानं घातलेलं नाही. फोन एसटीत राहिला तर ज्याला सापडेल त्याच्या हाती कचेरीचा पत्रव्यवहार पडू नये, म्हणून मेलच्या सर्व्हरला दुरून फोन कोरा करायचा अधिकार असतो. जुन्या पद्धतीत मेलबरोबर बैलही जातात. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५ पासून त्यावर उतारा निघाला. त्याच फोनात कामाचं प्रोफाइल वेगळं काढायचं. कचेरीच्या अ‍ॅपवर छोट्या ब्रीफकेसची खूण येते, त्यांचा डेटा निराळा राहतो. पुसायची पाळी आली तर कचेरीला तेवढाच भाग पुसता येतो, घरचे फोटो तिला दिसतसुद्धा नाहीत. मी मातोश्रींना म्हटलं, भावाभावांनी चुली वेगळ्या केल्या, वाडा एकच, तसं समजा. ते त्यांना लगेच समजलं. “मग पान्याचा हौद कुनाकडं?” त्यांनी विचारलं. आता बॅटरी आणि नेटपॅक दोन्ही चुलींना एकच असतो, हे सांगणं भाग होतं. “म्हंजी भांडनं व्हनार,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा मिक्सरकडं वळल्या. अँड्रॉइडच्या त्या रचनेवर इतकं नेमकं मत मी कुठं वाचलेलं नाही.

परिपत्रकात मात्र पद्धत जुनी की नवी हे लिहिलेलं नव्हतं. साडूंनी ‘सहमत’ दाबलं, पण त्याआधी पोराला सांगून बैलांचा व्हिडिओ मला, माझ्या बायकोला आणि पुण्याच्या पुतण्याला पाठवून ठेवला. माहिती जपण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा मागास नाही. अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ लिहिलं ते कागदावर नव्हे, कापडावर. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशी ती पासोडी चारशे वर्षं टिकून आहे. पासवर्ड नाही, पिन नाही, आणि ती दुरून कोरी करायची सोय कुठल्याच साहेबाकडे नाही.

पुढचा पेच कुलपाचा. तोवर फोनला नऊ ठिपक्यांवर ओढलेला ‘एल’ होता. तो घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि दूध घालणाऱ्यालाही ठाऊक होता, कारण काचेवर तेलकट बोटांनी तो कायमचा उमटलेला होता. नव्या नियमात ठिपके बाद. पिन सहा आकडी हवा आणि आकडे ओळीनं आलेले चालणार नाहीत. शिवाय बोटाचा ठसा, कारण यंत्राच्या लेखी बोट म्हणजे मालकाची खात्री. साडूंच्या फोनात आधीचेच ठसे होते ते असे. दोन त्यांचे, एक आक्कांचा, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचा, एक पोराचा, एक पुतण्याचा. मातोश्रींचा घेताच येत नाही. उभा जन्म खुरप्यावर आणि कोयत्यावर गेलेल्या बोटांच्या रेषा रेशन दुकानातल्या यंत्रालाही लागत नाहीत. म्हणजे घरात सगळ्यात जास्त फोन वापरणारी बाई अनधिकृत, आणि दिवाळीला चार दिवस येणारा पुतण्या अधिकृत. सहा आकडी नवा पिन ठरल्यावर तो मातोश्रींना पाठ व्हावा म्हणून साऱ्या घरानं तो त्यांच्याकडून मोठ्यानं घोकून घेतला. उन्हाळ्याचे दिवस, खिडक्या सगळ्या उघड्या.

पासवर्डाची कथा निराळी आहे आणि तिचा उगम बीडमध्ये नाही. एक अक्षर मोठ्या लिपीतलं, एक छोट्या, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर ९० दिवसांनी बदल, ही जगभरची रीत रुजवण्यात अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक ठरवणाऱ्या संस्थेतल्या बिल बर यांचा मोठा वाटा. त्यांनी २००३ साली त्या नियमांची पुस्तिका लिहिली. २०१७ साली, निवृत्तीनंतर, याच गृहस्थांनी वर्तमानपत्राला सांगितलं की आपण केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेनं नियम बदलले. लांबलचक, लक्षात राहील असा पासवर्ड ठेवा आणि चोरीचा संशय असल्याशिवाय तो बदलायला लावू नका, असं नव्या नियमांत आलं. हे पत्र साडूंच्या कचेरीत अजून आवक झालेलं नाही. तिथं दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलतो, म्हणजे गावाच्या नावापुढचा आकडा एकानं वाढतो. कुणाच्याही पासवर्डाच्या शेवटच्या आकड्यावरून त्याची सेवाज्येष्ठता काढता येते. लिहून ठेवायची जागा भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी. चोर आलाच तर त्याला आधी दुधाचे खाडे वाचावे लागतील.

पासवर्ड विसरलात तर काही ठिकाणी अजून ते गुप्त प्रश्न विचारतात. आईचं माहेरचं आडनाव काय? तुमची पहिली शाळा कोणती? हे प्रश्न काढणाऱ्याच्या हाती आमच्याकडची लग्नपत्रिका कधी पडलेली नसणार. तिच्यात आजोळ, मामांची नावं गावासकट, आत्याचं सासर, चुलत्यांचे हुद्दे, सगळं छापून, वर गणपतीचं चित्र घालून, आम्ही हजार घरी स्वतः नेऊन देतो. न दिल्यास लोक रागावतात. आणि शाळेचं म्हणाल तर गावात जिल्हा परिषदेची एकच होती. चोराला उत्तर चुकवायचं म्हटलं तरी चुकवता येणार नाही.

एवढं झाल्यावर येतो तो पासवर्डानंतर अ‍ॅपमधून टाकायचा आकडा. त्याच्याविषयी बोलायचं तर १९९५ सालापर्यंत मागं जावं लागेल. त्या वर्षी ३१ जुलैला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन केला, तो देशातला पहिला मोबाईल कॉल. १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं इंटरनेट लोकांना खुलं केलं. आणि त्याच सुमाराला नगर–बीड–परळी रेल्वे मंजूर झाली. मोबाईल आला, इंटरनेट आलं, दोन्ही मिळून खिशात मावायला लागले. रेल्वे बीड शहरात पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. मुलाच्या नोकरीसाठी म्हणून वाट पाहायला बसलेले लोक नातवाला गाडी दाखवायला स्टेशनवर गेले. तीस वर्षं वाट बघण्याचा सराव असलेल्या अशा माणसाला यंत्र म्हणतं, सहा आकडे ३० सेकंदांत टाका, नाहीतर तुमचं काही खरं नाही.

एसएमएसवर येणारा ओटीपी त्यामानानं दयाळू, तो काही मिनिटं जगतो. पण पाटोद्याकडं बालाघाटाच्या डोंगरात रेंज येते ती मर्जीनं. ज्याच्या त्याच्या गच्चीवर, ज्याच्या त्याच्या बांधावर ओटीपीची एक जागा ठरलेली असते आणि तिथं माणूस फोन आभाळाकडं धरून उभा दिसला की येणारे-जाणारे समजून घेतात आणि रामराम घालत नाहीत. अ‍ॅपमधल्या आकड्याला रेंज लागत नाही, हे त्याचं मोठेपण. फोन तो वेळेवरून आणि आत साठवलेल्या एका किल्लीवरून स्वतःच काढतो, सर्व्हर तिकडं तेच गणित करतो आणि दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. फक्त फोनचं घड्याळ बरोबर पाहिजे. साडूंचं घड्याळ एसटी चुकू नये म्हणून दहा मिनिटं पुढं होतं. सर्व्हरच्या दृष्टीनं साडू भविष्यातून बोलत होते, आणि सर्व्हरला फक्त वर्तमान मान्य होता.

“काय व्हायलंय?” आक्कांनी आतून विचारलं.

“नुस्तं गोल फिरायलंय,” पोरगं म्हणालं.

सोमवारी साडू फोन घेऊन सुभाष रोडला गेले. तिथल्या एका मोबाईलच्या दुकानात काउंटरमागं विशीतलं एक पोरगं बसतं. काचेचे गार्ड चिकटवता चिकटवता ते आधार लिंक करतं, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतं आणि कचेऱ्यांचे मेल बसवतं. त्यानं फोन हातात घेतला, घड्याळ ‘ऑटोमॅटिक’वर टाकलं, येणाऱ्या मेलच्या रकान्यात ९९३ हा पोर्ट न बघता भरला आणि मान वर न करता विचारलं, “काका, पासवर्ड?” साडू कुजबुजले. “मोठ्यानं बोला काका, कूलरचा आवाज हाय.” साडूंनी तो मोठ्यानं सांगितला. रांगेतल्या दोघांनी माना डोलावल्या, त्यातल्या एकाचा फक्त शेवटचा आकडा वेगळा होता म्हणे. पोरानं तो गार्डच्या खोक्याच्या मागं लिहून घेतला, मेल चालू करून दिला, खोकं कचऱ्यात टाकलं आणि पन्नास रुपये घेतले. शहरातल्या निम्म्या कचेऱ्यांच्या किल्ल्या त्याच्या हाताखालून गेल्या असतील. त्याला त्यांतल्या एकाही कचेरीचं टपाल वाचावंसं वाटलेलं नाही, आणि माझ्या मते जिल्ह्याची सायबर सुरक्षा मुख्यतः या निरिच्छेवर उभी आहे.

सरकारची काळजी अगदीच पोकळ आहे असं नाही. केंद्रानं फेब्रुवारी २०१५ मध्ये ई-मेलचं धोरण काढलं, कारण अधिकारी सर्रास परदेशी कंपन्यांच्या फुकट खात्यांवरून सरकारी पत्रं पाठवत होते. मग मेलला दुसरं कुलूप म्हणून ‘कवच’ नावाचं अ‍ॅप आलं, तर चोरांनी त्या कवचाच्याच बनावट नकला काढून पसरवल्या. २०२२ साली सुरक्षा संशोधकांनी त्या उघडकीला आणल्या. २०२५ मध्ये बातमी आली की केंद्राच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या देशी कंपनीच्या यंत्रणेवर गेले. त्या कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू तमिळनाडूत तेनकाशीकडच्या एका खेड्यात राहतात. तेव्हा खेड्यातल्या माणसाला यातलं काय कळतं, असं आता तरी कुणी म्हणू नये. प्रश्न कळण्याचा नाहीच. प्रश्न असा, की दाराला दोन कुलपं घालून झाल्यावर आतलं टपाल जातं कुठं?

तर ऐका. साडूंच्या सुरक्षित मेलवर पहिलं पत्र आलं. कार्यालयातील निर्लेखित खुर्च्यांची माहिती विहित नमुन्यात तात्काळ सादर करावी. पत्र येण्याच्या अर्धा तास आधी त्याचा फोटो ‘तातडीचे काम’ या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेला होता. ग्रुपमध्ये दोन निवृत्त झालेले लोक आहेत, एक बदली होऊन गेलेला आहे, आणि एक नंबर कुणाचा आहे हे कुणालाच माहीत नाही, पण तो रोज सकाळी सुविचार टाकतो म्हणून त्याला काढत नाहीत. मेलपाठोपाठ वरून फोन आला, “मेल टाकलाय, बघा.” साडूंनी बघितला, शिपायाला सांगून प्रिंट काढली, आवक नोंदवहीत क्रमांक टाकला, पत्र साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी हिरव्या शाईत ‘चर्चा करा’ लिहिलं. चर्चा झाली. उत्तर टाइप होऊन, सही-शिक्का होऊन, फोटो काढून ग्रुपवर गेलं, मग स्कॅन होऊन मेलनं गेलं, आणि वर “मूळ प्रत खास दूतामार्फत पाठवा” असं आल्यामुळं तिसऱ्या दिवशी एसटीनंही गेलं. एवढ्या साऱ्या प्रवासात ते पत्र फक्त एकाच ठिकाणी सुरक्षित होतं, ते म्हणजे साडूंच्या फोनात. कारण तिथं ते उघडायला पिन लागायचा आणि पिन मातोश्रींखेरीज कुणाच्याच नीट लक्षात राहिलेला नव्हता.

खरी गंमत सुरू होते ती बदल्यांच्या हंगामात. मेल असतो पदाच्या नावाचा. तो पदाबरोबर खुर्चीवर राहतो, माणूस जातो. पदभार देताना कपाटाच्या किल्ल्या मोजून देतात, शिक्के देतात, जडवस्तू नोंदवही देतात, फुटक्या खुर्च्यांसकट. ओटीपी ज्या मोबाईल नंबरवर येतो तो नंबर मात्र जाणाऱ्याच्या खिशात जातो, कारण तो घरचा फोन. साडूंच्या कचेरीतले लेखाधिकारी गडचिरोलीला गेले. नवे आले. तेव्हापासून रोज अकराच्या ठोक्याला नवे साहेब जुन्या साहेबांना फोन लावतात. एकमेकांचं तोंड न पाहिलेले हे दोघे. पण यांना त्यांच्या साखरेचे आकडे माहीत, त्यांना यांच्या मुलीचे सीईटीचे मार्क. ओटीपी कुणालाही सांगू नका, असं प्रत्येक संदेशाखाली छापलेलं असतं, ते दोघेही रोज वाचतात आणि मग सांगतात. बीड ते गडचिरोली असा हा सहा आकड्यांचा व्यवहार विनातक्रार चालला होता.

परवा मात्र तो अडला. जुन्या साहेबांची एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, बीडहून निघालीच नव्हती आणि तिच्यावाचून त्यांचा तिकडचा पगार थांबलेला. अकराला फोन गेला, तेव्हा मी साडूंच्या टेबलाशी चहा पीत होतो. फोन स्पीकरवर होता, कारण कचेरीत फोन स्पीकरवरच असतो.

“साहेब नमस्कार, आला का?”

“आलाय. समोरच आहे. पण आधी माझी एलपीसी पाठवा.”

“तयार आहे की साहेब. सही झालीय. मेलनंच पाठवायची आहे.”

“मग पाठवा.”

“मेल उघडायला ओटीपी लागतो ना साहेब.”

तिकडं जरा वेळ पंख्याचा आवाज आला.

“मग असं करा, रजिस्टर पोस्टानं पाठवा.”

“रजिस्टर बंद झालं साहेब. २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच गेलंय.”

“मग स्पीड पोस्टानं पाठवा. तवर हा ओटीपी मी इथं डायरीत लिहून ठेवतो.”